ठासणीची बंदूक, बर्फ आणि एकच बार

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात नाताळ उलटला की दुसऱ्याच दिवसापासून हरणांच्या शिकारीचा एक आगळा हंगाम सुरू होतो आणि तो जानेवारीच्या मध्यापर्यंत, काही भागांत त्याहूनही पुढे चालतो. आधुनिक रायफलींचा मुख्य हंगाम तोवर संपलेला असतो, पानझडीची झाडे उघडी पडलेली असतात, कित्येक आठवडे माणसांची वर्दळ सोसून हरणे कमालीची सावध झालेली असतात, आणि नेमक्या अशा वेळी तिथला कायदा शिकाऱ्याला अठराव्या शतकातल्या घडणीची बंदूक घेऊन रानात जायला सांगतो. नळीच्या तोंडातून बंदुकीची दारू आणि गोळी ठासायची, चकमकीच्या ठिणगीने ती पेटवायची, आणि एकदा बार उडाला की सगळे पुन्हा पहिल्यापासून करायचे, अशी ही बंदूक आहे. हंगाम सर्वांत कठीण असताना हत्यार सर्वांत जुने का, हे समजून घ्यायचे असेल, तर त्या बंदुकीची रचना आणि थंडीतल्या हरणाचे जगणे एकत्र पाहावे लागते. शिकाऱ्याकडे बार एकच असतो, आणि त्याचे चालणे, थांबणे, नेम धरणे, कधी नेम धरूनही चाप न ओढणे, हे सगळे त्या एका बारावरून ठरते.

ठासणीची बंदूक म्हणजे काय, हे रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वाचकाला सांगावे लागणार नाही. शेताची नासधूस करणाऱ्या जनावरांपासून पीक राखण्यासाठी परवान्यावर बाळगलेल्या बंदुका कोकणातल्या अनेक घरांत पिढ्यान्पिढ्या आहेत, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यातही पीकसंरक्षणासाठी लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडे हरणांची शिकार हा गुन्हा आहे. त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते अमेरिकेतल्या परवानाधारक आणि कायदेशीर शिकारीविषयी आहे, आणि ते तेवढ्यापुरतेच वाचावे.

या बंदुकीत जी काळी दारू वापरतात तिच्यात साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक असतो. कोळसा जळतो, त्याला लागणारा प्राणवायू सोरा पुरवतो आणि गंधकामुळे मिश्रण लवकर पेट घेते. यातल्या सोऱ्याचा आपल्या देशाशी जुना संबंध आहे. बिहारच्या मातीतून काढलेला सोरा ईस्ट इंडिया कंपनी जहाजे भरभरून इंग्लंडला नेत असे. अमेरिकेत डेलावेअर येथे १८०२ साली स्थापन झालेल्या ड्यू पॉन्ट यांच्या कारखान्यालाही हिंदुस्थानातला सोरा लागे, आणि १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटल्यावर त्याच घराण्यातले लॅमॉट ड्यू पॉन्ट उत्तरेकडील सरकारसाठी सोरा विकत घ्यायला थेट इंग्लंडला गेले होते. पुढे १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी बिनधुराची दारू तयार केली आणि काळी दारू हळूहळू मागे पडली. ठासणीच्या बंदुकीत ही बिनधुराची दारू घालणे म्हणजे जिवावर बेतणारी चूक आहे, कारण मुद्दाम तिच्यासाठीच घडवलेली बंदूक नसेल, तर आत तयार होणारा दाब नळीला सोसत नाही.

बंदूक भरण्याची क्रिया जवळून पाहण्यासारखी आहे. शिकारी दस्ता जमिनीवर टेकवून नळीचे तोंड आपल्या चेहऱ्यापासून दूर धरतो. शिंगात साठवलेली दारू तो थेट नळीत ओतत नाही, कारण आधीच्या बाराची एखादी ठिणगी आत धुमसत असेल, तर हातातले शिंगच पेट घेईल. ती आधी लहानशा पितळी मापात घ्यायची असते. अर्धा इंच व्यासाच्या नळीला हरणासाठी साधारण ७० ते ९० ग्रेन, म्हणजे साडेचार ते सहा ग्रॅम दारू पुरते. त्यानंतर नळीच्या तोंडावर चरबी किंवा तेल चोळलेली, घट्ट विणीच्या सुती कापडाची चकती ठेवतात, तिच्यावर ०.४९ इंच व्यासाची शिशाची गोळी ठेवतात आणि लांब गजाने ती एकसारख्या जोराने दारूवर जाऊन टेकेपर्यंत खाली लोटतात. गोळी आणि दारू यांच्यामध्ये पोकळी राहिली, तर बार उडताना नळी फुगू किंवा फुटू शकते; म्हणून सावध शिकारी गजावर एक खूण करून ठेवतो आणि ती खूण नळीच्या तोंडाशी आली की गोळी जागेवर बसली असे समजतो. खूण बोटभर वर दिसली, तर नळीत आधीचाच बार भरलेला आहे किंवा गोळी मध्येच अडकली आहे, असा त्याचा अर्थ होतो.

कापडाच्या त्या चकतीवर सगळी अचूकता उभी असते. नळीच्या आत पेचासारख्या वळत जाणाऱ्या खोबणी कोरलेल्या असतात. कापड त्या खोबणींत घट्ट बसते आणि बाहेर पडताना गोळीला स्वतःभोवती फिरवत नेते, त्यामुळे गोळी सरळ जाते. मध्य युरोपातून आलेल्या जर्मन भाषक कारागिरांनी अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरच्या परिसरात अशा लांब नळीच्या रायफली घडवल्या, आणि आजच्या हंगामातल्या बहुतेक बंदुका त्यांच्याच वळणाच्या आहेत. १९७४ साली पेनसिल्व्हेनियाने हा हंगाम निवडक सरकारी शिकारक्षेत्रांत सुरू केला तेव्हा तो केवळ चकमकीच्या बंदुकांसाठी राखला, आणि नाताळानंतरच्या या हंगामात तो नियम अजूनही टिकून आहे.

चाप ओढल्यावर जे घडते ते एका क्षणात घडते, पण त्या क्षणाला पायऱ्या आहेत. बंदुकीच्या घोड्याच्या, म्हणजे चाप ओढताच पुढे आदळणाऱ्या लोखंडी भागाच्या, जबड्यात धरलेला चकमकीचा दगड पुढे झेपावतो आणि पोलादी झडपेवर घासतो. घासताना तो पोलादाचे सूक्ष्म कण खरवडून काढतो आणि तेच कण तापून ठिणग्या होतात. त्याच धक्क्याने झडप उघडते आणि तिच्याखालच्या लहानशा पात्रात ठेवलेली बारीक दारू, जिला आपल्याकडे जुन्या भाषेत रंजक म्हणत, तिच्यावर ठिणग्या पडतात. रंजक भडकते, तिची ज्वाला नळीच्या बुडाशी असलेल्या बारीक छिद्रातून आत शिरते आणि मग मुख्य बार उडतो. चाप आणि धडाका यांच्यामध्ये जो अत्यल्प अवकाश असतो त्यात शिकाऱ्याच्या डोळ्यांपुढे, गालापासून वीतभर अंतरावर, ज्वाला उसळते, आणि तरीही त्याला डोळा न मिटता, खांदा न हलवता नेम तसाच धरून ठेवावा लागतो. आधुनिक रायफलीवर कसलेला नेमबाज इथे चुकतो तो बहुधा याच ठिकाणी.

कधी रंजक नुसतीच भडकते आणि आतला बार उडत नाही. कधी तो दोन-चार क्षण उशिराने उडतो, आणि हा उशीरच सर्वांत धोक्याचा असतो, कारण बार फुकट गेला असे समजून शिकारी नळी खाली वळवतो किंवा तिच्यात डोकावतो. म्हणून बार उडाला नाही, तरी निदान मिनिटभर बंदूक सुरक्षित दिशेला धरून उभे राहायचे, असा दंडक आहे आणि तो कोणत्याही घाईत मोडायचा नसतो. ज्वाला आधी आणि गोळी नंतर, ही अडचण फार जुनी आहे. स्कॉटलंडमधल्या अलेक्झांडर फोर्साइथ या धर्मोपदेशकाच्या लक्षात आले होते, की पात्रातल्या ज्वालेने पक्षी आधीच सावध होतात. त्यातून त्यांनी आघाताने पेटणाऱ्या रसायनाचा उपयोग शोधला आणि १८०७ साली त्याचे एकस्व मिळवले. टोपीच्या, म्हणजे केपाच्या बंदुका त्यातूनच पुढे आल्या.

या सगळ्या यंत्रणेचा खरा शत्रू म्हणजे ओल, आणि पेनसिल्व्हेनियाचा हिवाळा ओलीने भरलेला असतो. भुरभुरणारे बर्फ उघड्या यंत्रणेवर वितळते, झाडाखालून जाताना फांदीवरचा बर्फाचा गोळा नेमका बंदुकीवर पडतो, आणि रंजक सादळते. शिकारी यंत्रणेवर तेलात मुरवलेल्या कातड्याचे आच्छादन बांधतात, पात्राच्या कडेला मेण किंवा चरबी लावतात, आणि तासा-दोन तासांनी जुनी रंजक झटकून नवी भरतात. काहीजण बारीक छिद्रात पिसाचा देठ खोचून ठेवतात आणि नेम धरण्याआधी तो काढतात. सर्वांत फसवी ओल मात्र घरातली असते. दिवसभर गारठलेली बंदूक उबदार खोलीत आणली, की थंड लोखंडावर बाहेरून आणि नळीच्या आतही दव धरते, आणि सकाळी ठासलेली दारू रात्रीत भिजते. म्हणून जाणकार शिकारी रात्री रंजक झाडून टाकतो आणि बंदूक बाहेरच्या थंड पडवीत किंवा कोठारात, मुलाबाळांच्या हाती लागणार नाही अशा कुलूपबंद जागी ठेवतो.

आता गोळीच्या मर्यादेकडे पाहू. शिशाची गोल गोळी नळीतून सेकंदाला सुमारे १,९०० फूट वेगाने निघते, पण गोल आकार हवेला फार अडतो, त्यामुळे १०० यार्डांवर पोहोचेपर्यंत तिचा वेग जवळजवळ १,१०० फुटांवर उतरतो. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे वेग चार-दशमांशाने घटला, की ऊर्जा मूळच्या एक-तृतीयांशावर येते. हा हिशेब समजला, की या बंदुकीने ७५ यार्डांच्या आत, फार तर १०० यार्डांपर्यंतच हरणावर नेम का धरायचा, हे वेगळे सांगावे लागत नाही. त्यात दुर्बीण नसते, साधी माशी आणि खाच जुळवून नेम धरायचा असतो, आणि संधिप्रकाशात ती खाच मुळीच दिसेनाशी होते.

अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत मात्र असे चित्र नाही. आयोवा, ओहायो आणि इतर अनेक राज्यांत हिवाळ्यातल्या ठासणीच्या हंगामात आधुनिक बनावटीच्या बंदुकाही चालतात. १९८५ साली टोनी नाइट यांनी एमके-८५ ही बंदूक आणली, तेव्हापासून पेटवणारी टोपी नळीच्या सरळ रेषेत मागे बसवलेल्या बंदुकांचा प्रसार झाला. त्यांत दारूच्या दाबून केलेल्या वड्या असतात, प्लॅस्टिकच्या वेष्टनातली टोकदार गोळी असते आणि जिथे नियम परवानगी देतात तिथे दुर्बीणही असते. त्यामुळे त्यांची पोच दीडशे-दोनशे यार्डांपर्यंत जाते. कायद्याच्या व्याख्येत तीही ठासणीचीच बंदूक ठरते, कारण भरायची तोंडातूनच असते. माझ्या मते या हंगामाचा गाभा अंतरात आहे. हरणाच्या इतके जवळ जावे लागावे, की त्याला आपली चाहूल लागण्याची शक्यता आपल्याला ते दिसण्याच्या शक्यतेइतकीच असावी. दोनशे यार्डांवरून साधणारी बंदूक ही समतोलाची अटच काढून घेते. उलट बाजूला एक गंभीर मुद्दा आहे, तो असा की भरवशाच्या बंदुकीने जनावर जखमी होऊन निसटण्याचा धोका कमी होतो, आणि तो मुद्दा मी हलका मानत नाही. पण त्याचे उत्तर मला बंदूक बदलण्यापेक्षा अंतर कमी करण्यात आणि सरावात दिसते.

ज्या हरणाची ही गोष्ट आहे ते पांढऱ्या शेपटीचे हरीण डिसेंबरअखेर अगदी वेगळ्या अवस्थेत असते. नोव्हेंबरच्या मध्यावर त्यांच्या मिलनाचा काळ ऐन भरात असतो. तेव्हा नर खाणेपिणे सोडून माद्यांमागे धावतात आणि त्या काही आठवड्यांत त्यांचे वजन पाचव्या-चौथ्या हिश्श्याने घटू शकते. तेव्हा बेफिकीर झालेला नर आता फक्त दोन गोष्टी पाहतो, खाणे आणि ऊब. हरणाच्या हिवाळी कातडीवरचे बाहेरचे केस आतून पोकळ असतात आणि खाली दाट लव असते, त्यामुळे पाठीवर पडलेले बर्फ न वितळता तसेच राहते, इतकी थोडी उष्णता बाहेर पडते. तरीही अन्न कमी झालेले असते. हिरवा पाला संपलेला, ओकची फळे बर्फाखाली गेलेली. उरतात त्या झुडपांच्या कोवळ्या काटक्या आणि कळ्या, किंवा शेतात कापणीनंतर सांडलेला मका. म्हणून हरीण हालचाल कमी करते, दक्षिणेकडे तोंड असलेल्या उन्हाच्या उतारावर बसते, आणि वारा-बर्फ वाढले की हेमलॉकसारख्या सदाहरित झाडांच्या दाट छायेत शिरते, कारण तिथे बर्फ कमी साचते आणि वारा अडतो.

शिकाऱ्याचे सगळे आडाखे यावरून बांधले जातात. बसण्याची जागा आणि खाण्याची जागा यांना जोडणारी वाट हेरायची, वारा आपल्याकडे येत राहील अशा बाजूने दबा धरायचा, आणि दुपारच्या शेवटच्या तासांची वाट पाहायची, कारण कडाक्याच्या थंडीत हरीण अंधार पडण्याआधीच खायला निघते. दुसरी रीत म्हणजे चार-सहा जणांनी मिळून लहानसा हाका घालणे. आपल्याकडच्या जुन्या शिकारवर्णनांतल्या ढोल-ताशांच्या हाक्याशी याचे साम्य थोडेच आहे. इथे दोघे-तिघे दाट झुडपांतून सावकाश, जवळजवळ मुक्याने चालत जातात आणि बाकीचे पलीकडच्या खिंडीत किंवा ओहळाच्या कडेला उभे असतात, म्हणजे उठलेले हरीण उधळण्याऐवजी थांबत थांबत, मागे वळून पाहत पुढे येते. उधळलेल्या हरणावर एका बाराच्या बंदुकीने नेम धरण्यात अर्थ नसतो. हाक्यात कोण कुठे उभा आहे हे आधी ठरवून घेणे आणि माणसांच्या दिशेने कधीही नळी न वळवणे, हे हरणापेक्षा महत्त्वाचे आहे.

या दिवसांत आणखी एक पेच असतो. डिसेंबरच्या अखेरीपासून नरांची शिंगे गळायला लागतात. दुरून बिनशिंगी दिसणारे जनावर मादी असेलच असे नाही. ते शिंगे गळालेला नर किंवा त्याच वर्षीचे नर पाडसही असू शकते. परवाना कोणत्या जनावराचा आहे हे ज्याला पाळायचे आहे त्याला इथेही जवळ जावे लागते.

हरणांची शिकार सरकार ठरवून का करू देते, हा प्रश्न भारतीय वाचकाला पडणे अगदी रास्त आहे. एकोणिसाव्या शतकात बाजारासाठी झालेल्या बेसुमार शिकारीने आणि जंगलतोडीने पूर्व अमेरिकेतली हरणे संपत आली होती. पेनसिल्व्हेनियाने १८९५ साली वन्यजीवांसाठी आयोग नेमला, १९०६ पासून इतर राज्यांतून हरणे आणून सोडली, आणि १९०७ मध्ये माद्या मारण्यास बंदी घातली. हरणे वाढली, पण लांडगे आणि प्यूमा तोवर त्या रानांतून नाहीसे झालेले असल्याने ती वाढतच गेली, आणि जंगलात जमिनीपासून हरणाच्या तोंडाच्या उंचीपर्यंत नवे रोपटे शिल्लक राहीना. संख्या आवरायची, तर माद्यांचीही मर्यादित शिकार व्हावी लागते, कारण एक नर अनेक माद्यांना पुरतो. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने लांब बंदुका आणि दारूगोळ्यावरच्या ११ टक्के कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव कार्याकडे वळवला, त्यामुळे हा व्यवहार जंगलाच्या खर्चाशीही जोडला गेला. आता त्यात एका रोगाची भर पडली आहे. हरणाच्या मेंदूला पोखरणारा, औषध नसलेला हा रोग कोलोरॅडोत १९६७ साली प्रथम दिसला आणि पेनसिल्व्हेनियात २०१२ मध्ये पोहोचला; त्यामुळे अनेक भागांत शिकारी मारलेल्या हरणाचे डोके तपासणीसाठी देतात.

बार उडाल्यानंतरचे काम अधिक जबाबदारीचे असते. काळ्या दारूच्या पांढऱ्या, सडक्या अंड्यासारखा वास येणाऱ्या धुराचा ढग समोर पसरतो आणि शिकाऱ्याला नेमक्या त्याच क्षणी काही दिसत नाही. हरीण पडले, की उडी मारून निघून गेले, हे कळत नाही. तो खाली वाकून धुराखालून पाहतो, हरीण कुठल्या झाडापाशी उभे होते ते मनात पक्के करतो, आणि जागचा न हलता आधी बंदूक पुन्हा भरतो, ज्याला थंडीने बधिर बोटांनी मिनिटभर तरी लागते. मग त्या झाडापाशी जाऊन तो केस, रक्त आणि खुरांचे ठसे शोधतो. लगेच पाठलाग केला, तर जखमी हरीण ताकद एकवटून दूर जाते. अर्धा तास थांबले, तर ते बहुधा जवळच बसते. बर्फावर माग स्पष्ट उमटतो, म्हणून या हंगामात जखमी जनावर सापडण्याची शक्यता इतर वेळेपेक्षा अधिक असते, आणि म्हणूनच माग अर्धवट सोडून परतायला इथे कारण उरत नाही. एकही थेंब दिसला नाही, तरी निदान काही शे यार्ड ठशांमागे चालून खात्री करून घ्यावी लागते.

घरी आल्यावर, त्याच रात्री, बंदूक धुवावी लागते. काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाचा अर्ध्याहून अधिक भाग धुरात आणि काजळीत घन रूपाने उरतो, आणि त्यातले क्षार हवेतली ओल शोषून एका रात्रीत लोखंड गंजवतात. उपाय साधा आहे: गरम पाणी, साबण, गजाला गुंडाळलेली फडकी. पहिली फडकी डांबरासारखी काळी निघतात, मग करडी, आणि पांढरी निघू लागली की नळी कोरडी करून तिला तेलाचा हात दिला जातो. हंगामाच्या शेवटच्या संध्याकाळी अनेकांच्या नळीत न उडालेला बार तसाच असतो. तो राखून ठेवता येत नाही. मातीच्या उंचवट्याकडे तोंड करून, आजूबाजूला कोणी नाही याची खात्री करून, उजेड असतानाच तो उडवून टाकायचा असतो, आणि मग पाणी गरम करायला ठेवायचे असते.